प्रति: लोककला आणि आजचं संकट

लोककला पुराणातच अडकलेली, आजच्या संघर्षावर बोलायला चित्रकार नाहीतर नाटककारच हवा, हे या चर्चेत वर मांडलेलं मत अर्धंच पटलं. दशावताराला, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोकनाट्याला, लिखित संहिता नसते, आख्यान म्हणजे त्या रात्रीची पुराणकथा ठरली की संवाद नट उभ्या उभ्या रचतात, त्यामुळे कालचं भांडण आज रात्री रंगमंचावर येऊ शकतं. पूर्वरंगात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागात, संकासुर हे विनोदी पात्र मालवणीत सुटलं की रस्त्यातले खड्डे, निवडणूक, काय वाट्टेल ते काढतं, आणि असुरच तो, त्याला कोण जाब विचारणार! (आमच्याकडे अर्धी माणसं त्यासाठीच लवकर येऊन बसतात.)

पण संकट नुसतं विषय म्हणून येत नाही, थेट पोटावर येतं, ते इथे कोणी बोललं नाही. सिंधुदुर्गात दशावताराचा सीझन जत्रांबरोबर कार्तिकाच्या सुमारास सुरू होतो नि पावसाच्या तोंडावर संपतो. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तो नेमका या सीझनमध्येच, पुढच्या वर्षी, मे २०२१ मध्ये, कोरोनाची दुसरी लाट चालू असतानाच तौक्ते वादळ आलं. नाटकच होणार नसेल तर राजाचा पार्ट करणारा माणूस काय करणार, मिळेल त्या मजुरीला जाणार. त्याला आधी नाइट, म्हणजे रात्रीचा प्रयोग, मिळू दे, मग वादळावर काय बोलायचं ते तो आणि संकासुर बघून घेतील.