बुरशी आपल्या इम्युनिटीला चकवते कशी?

उत्सुक_मी: बॅक्टेरिया, व्हायरसबद्दल बरंच वाचलंय पण फंगसचं काही डोक्यात शिरत नाही. एवढ्या पांढऱ्या पेशी पहाऱ्यावर असताना ही आत टिकतेच कशी? कुणी सोप्यात सांगेल का

सूक्ष्मदर्शी: बहुतेक वेळा टिकत नाहीच रे, ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे स्पोअर्स (बीजाणू) आपण रोज श्वासातून आत घेतो आणि धडधाकट माणसाला पत्ताही लागत नाही. पण ट्रिक्स भारी आहेत. बुरशीच्या पेशीभिंतीत बीटा-ग्लुकान (साखरेच्या रेणूंची साखळी) असतं, आपल्या पेशींवरचा डेक्टिन-१ नावाचा रिसेप्टर (ओळख पटवणारं प्रोटीन) नेमकं तेच ओळखतो, म्हणून कॅन्डिडा ही बुरशी त्यावर मॅनन या दुसऱ्या साखर-साखळीचा थर ठेवून ते झाकते, हिस्टोप्लाझ्मा ही आणखी एक बुरशी त्याच कामाला अल्फा-ग्लुकान वापरते, आणि ॲस्परजिलसच्या स्पोअरवर प्रोटीनचं आवरण असतं, ते स्पोअर फुगून रुजायला लागला की गळतं, मग कुठे आपल्या पेशी जाग्या होतात.

रात्रपाळी: बुरशींमधला क्रिप्टोकॉकस राहिला की! त्याच्याभोवती जाड कॅप्सूल, त्यामुळे मॅक्रोफेजला (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीला) गिळायलाच जड जातं आणि गिळलं तरी हा पठ्ठ्या आतच वाढत बसतो, कधीकधी तर मॅक्रोफेजला न मारता सरळ बाहेर पडतो. मला तरी हा सगळ्यात बेरकी वाटतो

उत्सुक_मी: बापरे. आणि कॅन्डिडा गिळली गेली तर मरते ना?

सूक्ष्मदर्शी: बऱ्याचदा हो. पण कॅन्डिडाची अल्बिकन्स ही जात असेल तर आतल्या आत लांब तंतू काढते, कॅन्डिडालायसिन नावाचं टॉक्सिन सोडते आणि मॅक्रोफेजच फोडते. किमोनंतर न्यूट्रोफिल्स (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी झालेल्या पेशंटला ताप आला की डॉक्टर फंगसचाही विचार करतात तो उगाच नाही.