जीएनएम + पोस्ट बेसिक झालंय, आता एम.एस्सी. करू की हॉस्पिटल मॅनेजमेंट? नोकरी सोडता येणार नाहीये

नाईटवाली_चिपळूण

नमस्कार सगळ्यांना, खूप दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा करून १२ वर्षं झाली, मधे इग्नूतून दूरशिक्षणाने पोस्ट बेसिक, म्हणजे डिप्लोम्यानंतरचं बी.एस्सी. नर्सिंग केलं, तीन वर्षं नाईटला पेशंट जरा शांत झाले की नर्सिंग स्टेशनवर बसून असाइनमेंट लिहायच्या आणि कॉन्टॅक्ट क्लासला सुट्ट्या साठवून जायचं, कसं निभावलं माझं मला माहीत. आता चिपळूणजवळ ६० बेडच्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलात आयसीयू इनचार्ज आहे. आमच्याकडे एनएबीएचची (हॉस्पिटलच्या दर्जाच्या मान्यतेची) तयारी चाललीय आणि मेट्रनबाई, सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख, दिवाळीनंतर रिटायर होतायत. हॉस्पिटलचे सर म्हणाले सिस्टर तुम्हीच सांभाळा, पण वरची डिग्री करून घ्या, नर्सिंग सुपरिटेंडंट म्हणून कागदावर दाखवायला बरं पडतं. कुठली डिग्री विचारलं तर म्हणे "काहीतरी मास्टर्स".

घरचं असं की मुलगा चौथीत, नवरा दाभोळला बोटीवर, जून-जुलैची मासेमारीबंदी सोडली तर तो कधी घरी असेल देव जाणे. सासूबाई आहेत, पण त्यांचे गुडघे धड नाहीत. पगार बंद करून दोन वर्षं शिकणं जमणार नाही. फेसबुकवर ती अमेरिकेची ऑनलाइन एमएसएन (नर्सिंगमधलं मास्टर्स) लीडरशिपची जाहिरात सारखी येते, घरी बसून मास्टर्स म्हणे. कोणी केलंय का? खरं काय ते सांगा.

खडूवाली_सिस्टर (रत्नागिरी)

ताई आधी त्या जाहिरातीचं सांगते. अमेरिकेत नोकरी करता करता ऑनलाइन एमएसएन करणं अगदी नेहमीचं आहे, पण ते तिथल्या नर्सेससाठी, बहुतेक ठिकाणी अ‍ॅडमिशनलाच तिथलं आरएन (रजिस्टर्ड नर्स) लायसन्स मागतात म्हणजे आधी त्यांची एनक्लेक्स परीक्षा पास पाहिजे. तुला चिपळूणात राहायचंय ना, मग सोड.

आपल्याकडे एम.एस्सी. नर्सिंग दोन वर्षं, रेग्युलरच. पोस्ट बेसिक इग्नूने झालं तसं हे डिस्टन्सने होत नाही, कोणी तसं सांगत असेल तर पैसे देऊ नकोस. पात्रतेला बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिकला ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो, तो तुझ्याकडे पोत्याने आहे. हजेरी थिअरीला ८० टक्के, आणि प्रॅक्टिकलचे तास तर डिग्री हातात पडायच्या आधी शंभर टक्के भरून द्यावे लागतात.

आणि हे कोणी आधी सांगत नाही म्हणून सांगते, यात मॅनेजमेंटची ब्रँचच नाही! मेडिकल सर्जिकल, ओबीजी (बाळंतपण-स्त्रीरोग), पेडियाट्रिक, सायकियाट्रिक, कम्युनिटी यातली एक घ्यायची. पहिल्या वर्षी एज्युकेशन, अ‍ॅडव्हान्स प्रॅक्टिस, रिसर्च आणि तुझी स्पेशालिटी. नर्सिंग मॅनेजमेंट दुसऱ्या वर्षी एक पेपर, दीडशे तास थिअरी दीडशे प्रॅक्टिकल, बाकी वेळ स्पेशालिटीची प्रॅक्टिकल आणि डिझर्टेशन (शोधप्रबंध) खातात. मी स्वतः शिकवायचं म्हणून केलं आणि मला पैसे वसूल झाले. कॉलेजात लेक्चरर व्हायचं, पुढे पीएचडी करायची असेल तर एम.एस्सी.ला पर्यायच नाही. पण वॉर्ड चालवायला शिकायचं म्हणून करशील तर हिरमोड होईल.

अजून एक. काही ठिकाणी "हजेरीचं बघून घेऊ, फक्त परीक्षेला या" असं सांगतात. माझ्या बॅचमेटने तसं केलं. पुढे ती वाय्व्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला बसली तर स्वतःच्याच डिझर्टेशनमधलं सॅम्पल साइज सांगता येईना, बाहेर येऊन ढसाढसा रडली. फी भरली ती वेगळीच.

कणकवलीकर_दादरला

सिस्टर मी कणकवलीची, मुंबईत एका मोठ्या हॉस्पिटलात नर्सिंग सुपरिटेंडंट आहे, एम.एस्सी. नाही, पोस्ट बेसिकवर हॉस्पिटल मॅनेजमेंटचा पीजी डिप्लोमा केला, नोकरी करतच. इग्नूचा आहे, टिसचा (टाटा इन्स्टिट्यूटचा) नोकरीवाल्यांसाठीचा एक्झिक्युटिव्ह आहे, त्यात मधे मधे सलग वर्ग असतात तेवढी रजा टाकायची. नर्सिंगवाल्यांना किती वर्षांचा अनुभव मागतात ते यंदाच्या प्रॉस्पेक्टसमध्ये बघून घे, बदलत असतं.

मला त्यातून काय मिळालं ते खरं सांगू? आकडे बोलायची भाषा. आमच्या आयसीयूला कायम माणसं कमी, मी दरवेळी सरांकडे जाऊन "सर स्टाफ पुरत नाही हो" करून यायचे आणि ते म्हणायचे सगळेच असं म्हणतात. मग एकदा कागदावर मांडलं. समज ६ बेड, व्हेंटिलेटरवर कोणी नाही असं धरून दोन पेशंटला एक सिस्टर, म्हणजे शिफ्टला ३. सर म्हणतात तीन त्रिक नऊ, नऊ जणी पुरे. पण रोजच्या नऊ धरून आठवड्याच्या ड्युट्या होतात ६३ आणि एक बाई आठवड्यात ६ करते, म्हणजे इथेच साडेदहा झाल्या. त्यावर लीव्ह रिझर्व्ह, म्हणजे रजेवरच्यांच्या जागी लागणाऱ्या जादा सिस्टर, ३० टक्के धर, १३.६५. म्हणजे १४ पाहिजेत. व्हेंटिलेटरचा पेशंट आला की त्याला एकास एक, मग अजून वाढतात. नऊ आणि चौदा यातला फरक म्हणजे कोणीतरी डबल ड्युटी करतंय. त्याच्या बाजूला मी त्या तीन महिन्यांतले बेडसोअर आणि औषधाच्या चुका लिहिल्या, कुठल्या शिफ्टला झाल्या तेही. सर पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग चार पोस्ट मिळाल्या.

बाकी रोटा (ड्युट्यांचं वेळापत्रक) कसा लावायचा ते कुठला डिप्लोमा शिकवणार! आमच्याकडे अर्ध्या मुली कोकणातल्या, गणपतीत सगळ्यांनाच गाव हवा. मी आता आधीच विचारून ठेवते कोणाचा दीड दिवसाचा आणि कोणाकडे गौरी. दीड दिवसवालीने लवकर जाऊन लवकर यायचं, ती आली की गौरीवाली सुटली. केरळच्या मुली तेव्हा सांभाळून घेतात, त्यांचा ओणम जवळपास आला की डोक्याला ताप, पण ख्रिसमसला आपल्या मुली उभ्या राहतात. आणि मी स्वतः पाच वर्षांत चतुर्थीला घरी नाही, आई अजून बोलते.

सिव्हिलची_परिसेविका

सरकारीतल्या कोणी वाचत असतील तर, आपल्याकडे अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), परिसेविका (वॉर्डची इनचार्ज), सहायक अधिसेविका, अधिसेविका (मेट्रन) ही शिडी सिनियॉरिटीने चढते, डिग्री केली म्हणून कोणी उद्या मेट्रन करत नाही. पण अध्ययन रजा मागता येते, बॉन्ड लिहून द्यावा लागतो. मी रजेवर एम.एस्सी. केलं, परत आले तर त्याच वॉर्डात तीच खुर्ची, तिचा हात पण तुटलेलाच 😄 तरी पश्चात्ताप नाही. आता सिंधुदुर्ग, अलिबाग, रत्नागिरी तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेजं आलीत, पुढेमागे शिकवायच्या जागा निघाल्या तर कागद तयार असलेला बरा.

चिपळूणवाल्या ताई, तुमच्या सरांकडून आधी लेखी घ्या. पोस्ट कुठली, पगार किती, फी कोण भरणार, रजा किती दिवस पगारी. तोंडी शब्दावर मी एकदा एका प्रायव्हेटमध्ये तीन वर्षं "अ‍ॅक्टिंग इनचार्ज" होते, अ‍ॅक्टिंगच राहिले.

खडूवाली_सिस्टर (रत्नागिरी)

हे बरोबर बोललात. आणि ताई, एनएबीएचवाले आले की डिग्री बघतीलच, पण त्याआधी प्रत्येक सिस्टरची फाइल मागतील. कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे का, कोणाला काय प्रोसिजर करायची परवानगी दिलीय, ट्रेनिंग कधी झालं. डिप्लोमा यायचा तेव्हा येईल, फाइली उद्यापासून लावायला घे. निम्म्या जणींचं रिन्यूअल राहिलेलं निघतं बघ.

नाईटवाली_चिपळूण

सगळ्यांचे खूप आभार, खरंच. एम.एस्सी. आत्ता नको, मुलगा दहावी झाला की बघू, शिकवायचं मनात आहे कुठेतरी. डिप्लोम्याचं प्रॉस्पेक्टस काढते.

फाइली आजच काढल्या, चक्क माझंच रिन्यूअल पुढच्या महिन्यात संपतंय आणि सीएनईचे (नोकरीत असताना घ्यायच्या ट्रेनिंगचे) क्रेडिट कमी पडतायत, कोणाला हसायचं असेल तर हसा. आणि कणकवलीकर ताई, तुमचा हिशोब आमच्या आयसीयूला लावला. बेड सहाच आहेत, सिस्टर आठ. उद्या सर राउंडला आले की कागद पुढे ठेवते, लेखी द्या हे पण तेव्हाच बोलते, नाहीतर परत धीर व्हायचा नाही. निघते आता, पावणेआठ झाले, ड्युटीचा ओव्हर घ्यायचाय.