वांग्याच्या रोपाचं प्रकाश-मॉडेल डिसेंबरात जुळतं, मेमध्ये का चुकतं?

तापीकाठ (प्रश्न)
यावलकडची भरताची वांगी, शेडनेट, ९८ कप्प्यांचे प्रो-ट्रे, कोकोपीट. हायपोकॉटिल, म्हणजे बीजदलांखालचा दांडा, किती वाढेल यासाठी ही समीकरणं वापरतोय:

फ चा वेग = क१·लाल·(१−फ) − क२·फाररेड·फ
प चा वेग = स − (ड + ह·फ)·प
लांबीचा वेग = ग·प

फ म्हणजे फायटोक्रोम-बी या प्रकाश ओळखणाऱ्या प्रथिनाचा सक्रिय वाटा; लाल प्रकाशाने तो वाढतो, फाररेडने (लालच्या पलीकडच्या प्रकाशाने) घटतो. प म्हणजे दांडा लांबवणारं पिफ प्रथिन; स त्याच्या बनण्याचा वेग, ड आणि ह·फ मोडण्याचा. ग म्हणजे पिफमुळे किती लांबी वाढते तो गुणांक, क१-क२ हेही गुणांकच. अंधार पडला की फ = ० धरलाय. डिसेंबरच्या आकड्यांवर बसवलेलं मॉडेल मेमध्ये दांडा आखूड दाखवतं. ट्रेमध्ये मात्र रोपं उंच होऊन लवतात. मोजणी रोज सकाळी १० ला, पट्टीने.

सातपुडा_२१
दादा, गडबड त्या ‘फ = ०’ मध्येच आहे. दिवस मावळला म्हणून सक्रिय फायटोक्रोम लगेच संपत नाही; तो अंधारात काही तास हळूहळू निष्क्रिय रूपात परततो. पहिल्या समीकरणात ‘− क३·फ’ घाला आणि क३ तापमानानुसार बदलू द्या. फायटोक्रोम-बी तापमानही ओळखतो, हे २०१६ मध्ये अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपावर दाखवलं गेलंय. थंड रात्री क३ लहान, म्हणून फ टिकतो आणि पिफ दबून राहतं. आपल्याकडच्या मेच्या रात्री तापलेल्या, फ भराभर उतरतो. तुमच्या मॉडेलला फक्त रात्रीची लांबी दिसते: डिसेंबरात सुमारे १३ तास, मेमध्ये ११. म्हणून ते उलटं उत्तर देतं.

‘स’ सुद्धा स्थिर नको. जैविक घड्याळ रात्रीच्या सुरुवातीला पिफ बनू देत नाही, पहाटेकडे सोडतं. लहान दिवसांत अरॅबिडॉप्सिसची सर्वात जोराची वाढ पहाटेच असते. शिवाय ‘ग’ही उष्णतेने वाढतो, सगळं ओझं क३ वर टाकू नका.

रोपवाटिका_गणित
वरचं बरोबर, पण दिवसातून एका मोजणीवर क३ निघणारच नाही. रात्र आणि दिवस एकाच आकड्यात मिसळतात, मग वेगवेगळे गुणांक सारखेच छान जुळतात. दर ३० मिनिटांनी फोटो घ्या. रात्री ९४० नॅनोमीटरचे एलईडी, ते फायटोक्रोमला जवळजवळ दिसत नाहीत. साधा पांढरा टॉर्च लावला तर प्रयोगच बिघडतो.

प मोजत नसाल तर ग आणि स वेगळे काढता येत नाहीत, फक्त गुणाकार मिळतो. स ची कमाल १ धरा. शून्य वेळ पेरणीची नको, प्रत्येक रोप वर आल्याची घ्या, नाहीतर उगवणीतला मागेपुढेपणा वाढीच्या वेगात शिरतो. ट्रे एकावर एक रचून ठेवण्यात एक दिवस जास्त गेला तरी दांडा अंधारातच ताणलेला असतो. ती सुरुवातीची लांबी वेगळी नोंदवा.

तापीकाठ
क३ नीट बसला हे कसं पडताळायचं? आणि नेट हिरवी आहे, लक्समीटर चालेल?

सातपुडा_२१
मावळतीला निम्म्या ट्रेंवर १० मिनिटं ७३० नॅनोमीटरचा (फार-रेड) प्रकाश द्या, हा डेटा मॉडेल बसवताना वापरू नका. फ एकदम खाली येतो, दांडा लांबायला हवा. मॉडेलने तो फरक आधीच सांगितला तर क३ वर विश्वास ठेवा. गणित सोडवताना पायरी २ मिनिटांहून मोठी नको, नाहीतर सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा प्रोग्राम, हा झोत ओलांडून जातो.

लक्समीटर नको, तो माणसाच्या डोळ्याला दिसेल तसा उजेड मोजतो. उघड्या उन्हात ५४ लक्स म्हणजे साधारण १ मायक्रोमोल (झाडाला उपयोगी प्रकाशकणांचं माप, दर चौरस मीटर दर सेकंदाला), हे गणित हिरव्या नेटखाली चुकतं. ती नेट लाल जास्त अडवते, फार-रेड सोडते. लाल आणि फार-रेड वेगवेगळे मोजा. काळ्या नेटखाली गुणोत्तर फारसं हलत नाही, नुसता उजेड घटतो.