वाहनखरेदीसाठी मंजूर झालेल्या वैयक्तिक कर्जाची रक्कम बदलता येते का?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. नाशिकमधील एका परिचित गृहस्थांकडून सात आसनी पेट्रोल गाडी घेण्याचे ठरले आहे. गाडीची नोंदणी जून २०१५ ची असल्यामुळे जुन्या वाहनाच्या कर्जात मुदत फारच कमी मिळत होती, म्हणून माझा पगार ज्या बँकेत जमा होतो तिच्याच ॲपवरून मी वैयक्तिक कर्जासाठी अर्ज केला. ६,००,००० रुपये, १२ टक्के स्थिर व्याजदर, ६० महिन्यांची मुदत आणि १३,३४७ रुपयांचा हप्ता अशी मंजुरी मिळाली. प्रक्रिया शुल्क २ टक्के असून त्यावर जीएसटी वेगळा आहे. पहिला हप्ता मार्च २०२६ मध्ये आहे.

मंजुरीनंतर गाडी मेकॅनिककडे नेऊन रॅम्पवर चढवली, तेव्हा क्लच घसरत असल्याचे आणि पुढच्या सस्पेन्शनचे बुश गेल्याचे दिसले. टायरवर ३२१९ असा शिक्का होता, म्हणजे चारही टायर २०१९ सालच्या ३२व्या आठवड्यात तयार झालेले निघाले. हे सारे समोर मांडल्यावर मालकांनी ५,६०,००० वरून ४,९०,००० रुपयांवर येण्याची तयारी दाखवली. दुरुस्तीचा खर्च मी बचतीतून करणार आहे. त्यामुळे आता मला सहा लाखांची गरज उरलेली नाही, पाच लाख पुरेसे आहेत.

करारावर आधार ओटीपीने ई-स्वाक्षरी झालेली आहे, मात्र पैसे अद्याप खात्यात आलेले नाहीत. बँकेचा प्रतिनिधी म्हणतो की मंजूर झालेली रक्कम आता बदलता येत नाही, पूर्ण रक्कम घ्या आणि वरचे लाखभर नंतर भरून टाका. हे खरे आहे का? रक्कम कमी करून घेतल्यास शुल्क पुन्हा द्यावे लागेल का? आणि मी लिहीत असतानाच पैसे जमा झाले, तर काय करावे?

ठेवपावती

मी अनेक वर्षे एका बँकेच्या कर्ज विभागात काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

प्रतिनिधीचे म्हणणे अर्धेच खरे आहे. आपल्या अर्जाचा जो क्रमांक आहे, त्याच्यावर नुसता आकडा खोडून दुसरा लिहिता येत नाही, हे बरोबर. परंतु पैसे वितरित झालेले नसतील तर तो प्रस्ताव रद्द करून कमी रकमेचा नवा प्रस्ताव तयार करणे ही बँकेतील नेहमीची बाब आहे. रक्कम खऱ्या अर्थाने पक्की होते ती वितरणानंतर. तेव्हा सर्वात आधी, म्हणजे आजच, ‘वितरण थांबवावे, मला सुधारित रकमेचा प्रस्ताव हवा आहे’ असा ईमेल शाखेला आणि ग्राहकसेवेला पाठवा. प्रतिनिधीशी फोनवर झालेल्या बोलण्याचा पुढे काही उपयोग होत नाही. त्याचे महिन्याचे उद्दिष्ट बहुधा वितरित रकमेवर मोजले जात असल्याने लाख रुपये कमी करण्यात त्याला फारसा रस नसणारच.

रक्कम घटवणे आणि वाढवणे या दोन गोष्टी मात्र सारख्या नाहीत. घटवताना आपली परतफेडीची क्षमता आधीच तपासलेली असते, त्यामुळे पुन्हा छाननी सहसा लागत नाही. वाढवायची असेल तर पगार, चालू हप्ते आणि सिबिल यांचा हिशोब नव्याने होतो, आणि तेथे नकारही मिळू शकतो. घटवतानाही एक गोष्ट आवर्जून पाहावी. काही बँकांचे दर रकमेच्या टप्प्यांनुसार ठरतात, आणि पाच लाखांच्या खाली गेल्यावर दर पाव-अर्धा टक्क्याने चढल्याचे मी पाहिले आहे. म्हणून ‘माझा दर १२ टक्केच राहील ना’ हा प्रश्न त्याच ईमेलमध्ये विचारा.

नवा प्रस्ताव आला की त्याच्यासोबत नवे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ आलेच पाहिजे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या सर्व नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने ते बंधनकारक केले आहे. त्यात सर्व शुल्के धरून येणारा वार्षिक दर आणि परतफेडीचे वेळापत्रक असते, आणि जे शुल्क त्यात लिहिलेले नाही ते आपल्या स्पष्ट संमतीशिवाय आकारता येत नाही. आपल्यासारख्या मुदतीच्या कर्जासाठी हे विवरण किमान तीन कामकाजाचे दिवस वैध राहते, त्यामुळे ‘पाच मिनिटांत ओटीपी द्या, नाहीतर ऑफर जाईल’ या घाईला बळी पडण्याचे कारण नाही.

आता शुल्काविषयी. ते बहुतेक ठिकाणी वितरणाच्या वेळी रकमेतूनच वजा होते, त्यामुळे वितरण झालेच नसेल तर ते दोनदा जाण्याचा प्रश्न सहसा येत नाही. मात्र यामुळेच आपला पाच लाखांचा आकडा थोडा कमी पडतो. पाच लाखांवर २ टक्के म्हणजे १०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १,८०० रुपये वजा जाता हाती ४,८८,२०० रुपये येतील, आणि मालकांना तर ४,९०,००० द्यायचे आहेत. ५,०५,००० मागितल्यास ११,९१८ रुपये कापून ४,९३,०८२ रुपये जमा होतील. मुद्रांक शुल्क आणि कर्जासोबत जोडलेला विमा यांच्या ओळीही पाहून घ्या. असा विमा ऐच्छिक असतो. तो नको असेल तर नव्या प्रस्तावातून काढायला सांगा, हवा असेल तर निदान त्याचा हप्ता कमी झालेल्या रकमेनुसार बदलला आहे का ते तपासा.

पैसे जमा झालेच, तर त्यांना हात लावू नका. कर्ज ॲपवरून घेतलेले असल्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या मे २०२५ च्या डिजिटल कर्जविषयक निर्देशांनुसार आपल्याला किमान एक दिवसाचा विचारकाळ मिळतो. त्या काळात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आनुपातिक खर्च परत करून कोणताही दंड न भरता कर्जातून बाहेर पडता येते. विवरणात आधीच तसे नमूद असेल तर बँक प्रक्रिया शुल्क ठेवून घेऊ शकते, एवढे लक्षात असू द्या. आपल्या बँकेत हा काळ एक दिवसाचा आहे की अधिक, ते विवरणातच लिहिलेले असेल. व्याज मात्र पैसे प्रत्यक्ष मिळाल्यापासूनच लागले पाहिजे. मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून व्याज लावण्याच्या काही संस्थांच्या पद्धतीवर रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात आक्षेप घेऊन जादा घेतलेली रक्कम परत करण्यास सांगितले होते.

घाटरस्ता

वरील उत्तर योग्यच आहे, परंतु दुसरी बाजूही मांडावीशी वाटते. जुनी गाडी घेतल्यावर पहिल्या काही महिन्यांत काय काय निघेल याचा नेम नसतो. सहा लाख मंजूर झालेच आहेत तर घेऊन ठेवावेत, वरची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी आणि गरज पडली नाही तर अंशतः परतफेड करावी. जानेवारी २०२६ पासून मुदतपूर्व परतफेडीवरचे शुल्कही रिझर्व्ह बँकेने बंद केले आहे, मग बिघडते कुठे?

ठेवपावती

घाटरस्ता, तो नियम बदलत्या दराच्या कर्जांसाठी आहे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकृत होणाऱ्या बदलत्या दराच्या कर्जांवर, ती व्यक्तींनी व्यवसायाव्यतिरिक्त कारणासाठी घेतलेली असल्यास, असे शुल्क लावता येत नाही. गोदाकाठ यांचा दर स्थिर आहे, आणि बहुतेक वैयक्तिक कर्जे तशीच असतात. तेथे बँकेचे स्वतःचे कोष्टक लागू होते. ते शुल्क ४ टक्के आहे असे उदाहरणादाखल धरले, तर सहा लाख आणि ५,०५,००० यांतील फरकाचे ९५,००० रुपये परत करताना जीएसटीसह ४,४८४ रुपये जातील. घेताना त्याच ९५,००० वर प्रक्रिया शुल्कापोटी २,२४२ रुपये गेलेले असतील, आणि बँकेने पहिले वर्षभर अंशतः परतफेड स्वीकारलीच नाही तर दहा-अकरा हजार रुपये व्याजही गेलेले असेल. दुरुस्तीसाठी राखीव रक्कम असावी हे मान्य, पण ती १२ टक्के दराने उसनी आणून बचत खात्यात पडून ठेवणे मला पटत नाही. खरोखर गरज पडलीच तर काही हप्ते वेळेवर गेल्यानंतर टॉप-अप, म्हणजे चालू कर्जावर वाढीव रक्कम, मागता येतो.

सहाआसनी

रकमेइतकाच मुदतीचा विचार व्हावा, कारण प्रस्ताव नव्याने होणारच आहे तर तीही बदलून घेता येईल.

गाडीची नोंदणी जून २०१५ ची आहे, म्हणजे पंधरा वर्षे जून २०३० मध्ये पूर्ण होतील. तेव्हा नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागेल, नूतनीकरणाचे शुल्क आणि पर्यावरण कर भरावा लागेल, आणि कदाचित त्या वेळी आपण गाडी काढूनच टाकाल. ६० महिन्यांच्या मुदतीत शेवटचा हप्ता फेब्रुवारी २०३१ मध्ये येतो. नोंदणीची मूळ मुदत संपल्यावरही आठ महिने हप्ते भरत राहणे मला तरी विचित्र वाटते.

आता आकडे पाहा. ५,०५,००० रुपये ६० महिन्यांसाठी घेतल्यास हप्ता ११,२३३ रुपये पडतो आणि एकूण व्याज सुमारे १,६९,००० रुपये होते. तीच रक्कम ४८ महिन्यांत फेडल्यास हप्ता सुमारे १३,३०० रुपये, म्हणजे आपण मूळ प्रस्तावात मान्य केलेल्या १३,३४७ पेक्षाही किंचित कमीच, आणि एकूण व्याज सुमारे १,३३,३०० रुपये. झेपणार म्हणून जो हप्ता आपण आधीच मनात धरला होता, तेवढ्यातच कर्ज वर्षभर आधी, फेब्रुवारी २०३० मध्ये संपते.

दुसरे असे की वैयक्तिक कर्जात आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेचा बोजा चढत नाही, हा आपला फायदा आहे, पण विक्रेत्याच्या आरसीवर त्याच्या जुन्या कर्जाचा बोजा राहिलेला नाही ना, हे बँक आपल्यासाठी पाहणार नाही. वाहनकर्ज असते तर तिने पाहिले असते. परिवहनच्या संकेतस्थळावर खात्री करा. बोजा दिसत असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि विक्रेत्याच्या बँकेचे ना-हरकत पत्र होईपर्यंत वितरण मागूच नका. हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३० भरून झाले की चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा लागतो. त्या वेळी मालकांचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विमा हप्त्यात मिळणारी सूट) आपल्याला मिळत नाही, त्यामुळे उरलेल्या मुदतीचा फरक भरावा लागतो. हा खर्चही हिशोबात धरा.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ईमेल पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी शाखेतून फोन आला, जुना प्रस्ताव रद्द झाला आणि आज ५,०५,००० रुपये व ४८ महिने असा नवा प्रस्ताव आला आहे. दर १२ टक्केच राहिला. विम्याची ओळ पुन्हा आली होती, ती काढून घेतली. आरसीवर बोजा नाही. एकच शंका उरली आहे. जुन्या प्रस्तावाच्या वेळी मी हप्त्यासाठी ई-मॅन्डेट (खात्यातून हप्ता आपोआप वजा करण्याची परवानगी) दिले होते, आणि आता नव्यासाठी पुन्हा मागत आहेत. दोन्ही चालू राहिली तर?

ठेवपावती

नव्या कर्जासाठी नवे मॅन्डेट द्यावेच लागेल, कारण ते कर्जाच्या क्रमांकाशी जोडलेले असते. जुने मात्र आपोआप रद्द होईल असे गृहीत धरू नका. आपल्या खात्याच्या नेट बँकिंगमध्ये मॅन्डेटची यादी असते, त्यात जुन्याची स्थिती पाहा, आणि ते सक्रिय दिसत असेल तर रद्द केलेल्या प्रस्तावाचा क्रमांक देऊन ते बंद करण्याची लेखी विनंती करा. नव्या मॅन्डेटमध्ये जो आकडा दिसेल ती कमाल मर्यादा असू शकते, हप्ता नव्हे, त्यामुळे तो १३,३०० पेक्षा मोठा दिसला तरी दचकू नका. महिन्याभरानंतर सिबिल अहवाल एकदा काढून त्यात सहा लाखांचे कर्ज चुकून उघडे दिसत नाही ना, तेही पाहा. तसे दिसल्यास आधी बँकेकडे तक्रार नोंदवा, आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, विनाशुल्क दाद मागता येते.