विजेच्या गाडीच्या बेअरिंगवर संशोधन कशाला? : या प्रश्नाला माझे उत्तर

वागळे इस्टेटचा मोटरवाला
काल इथे एका सदस्यांनी लिहिले, की बेअरिंग ही शंभर वर्षांपूर्वीच पूर्ण कळलेली वस्तू आहे, विजेच्या गाडीत इंजिनाचे धक्केही नाहीत, तेव्हा तिच्या बेअरिंगवर संशोधन म्हणजे पैशांचा चुराडा. ते वाचून स्वस्थ बसवेना. मी पंचवीस वर्षे ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मोटरी भरतो, म्हणजे जळालेल्या मोटरींत नवी तार गुंडाळतो. एका कारखान्यात ब्लोअरला, म्हणजे हवा फुंकणाऱ्या पंख्याला, मोटरचा वेग कमी-जास्त करणारा इन्व्हर्टर बसवल्यापासून दर चार-पाच महिन्यांनी बेअरिंग ओरडू लागायचे. तीनदा बदलले आणि तिन्ही वेळा दोष बेअरिंगच्या माथी मारला. चौथ्यांदा बाहेरची रेस, म्हणजे छर्रे ज्यात फिरतात ते बाहेरचे कडे, कापून पाहिली, तेव्हा छर्रे धावतात त्या वाटेवर पन्हळी पत्र्यासारख्या, सारख्या अंतराच्या राखाडी पट्ट्या दिसल्या आणि ग्रीस काजळीसारखे काळे पडले होते. भार बेताचाच होता; बेअरिंग विजेने खाल्ले होते.

इन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा व्होल्टेज तोडतो-जोडतो, त्यामुळे शाफ्टवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांड्यावर, व्होल्टेज चढते आणि ग्रीसचा मायक्रॉनहूनही पातळ थर फुटला, की छर्रा आणि रेस यांच्यात ठिणगी पडून तेवढ्या ठिपक्यापुरते पोलाद वितळते. आमची चार पोलची मोटर मिनिटाला सुमारे १,४४० फेरे घेते, तर गाडीतल्या कित्येक मोटरी १५,००० च्या पुढे जातात, आणि इन्व्हर्टरशिवाय त्या चालतच नाहीत.

ऐरोलीचा अभियंता
तो मजकूर माझाच होता आणि मी त्यावर ठाम आहे. शाफ्टमधून वाहणाऱ्या प्रवाहांवर अल्जर आणि सॅमसन या अभियंत्यांनी १९२४ मध्येच निबंध लिहिला होता. बाहेरच्या रेसवर विद्युतरोधक लेप, सिलिकॉन नायट्राइड या सिरॅमिकचे छर्रे, शाफ्टला अर्थिंगचा ब्रश हे सारे उपाय बाजारात आहेत. तुमच्या ब्लोअरला ते चौथ्या खेपेपर्यंत कोणी लावले नाहीत, हा संशोधनाचा नव्हे, निष्काळजीपणाचा दोष आहे.

वागळे इस्टेटचा मोटरवाला
निष्काळजीपणा झाला, तो मी कबूल करतो. पण पुढे काय झाले तेही ऐका. आम्ही मोटरचे बेअरिंग विद्युतरोधक केले आणि प्रवाह दोन्ही शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगमधून पलीकडे जाऊन ब्लोअरचे बेअरिंग खाऊ लागला. गाडीत मोटरला लागूनच गिअरबॉक्स असतो. मोटरला सिरॅमिक छर्रे घातले आणि शाफ्टला अर्थिंग दिले नाही, तर हाच प्रवाह गिअरबॉक्सच्या बेअरिंगमध्ये शिरू शकतो. बेअरिंगचे आयुर्मान काढायच्या आयएसओ २८१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या गणितात भार, वेग, वंगण, घाण हे सगळे येते. वीज येत नाही. शिवाय माजिवड्याच्या कोंडीत गाडी रांगते तेव्हा वंगणाचा थर बनतच नाही, धातूला धातू लागतो आणि प्रवाह ठिणगीविना निघून जातो. पुढे रस्ता मोकळा मिळाला, की थर जाड होतो, व्होल्टेज साठते आणि मग ठिणगी पडते. एकाच वेगावर चाचणी घेणाऱ्याला हे कसे दिसणार?

घोडबंदर रोडचा रहिवासी
माझ्या गाडीचे चाकाचे बेअरिंग वर्षात दोनदा बदलले, त्यात ना इन्व्हर्टरचा दोष होता ना ठिणगीचा. दुसऱ्या वेळी मी समोर उभा होतो. कारागिराने बाहेरच्या रेसवर हातोडा मारून बेअरिंग आतल्या शाफ्टवर ठोकले. तो प्रत्येक घाव छऱ्र्यांमधून गेला आणि रेसवर खड्डे पाडून गेला. आधी गॅरेजवाल्यांना शिकवा, मग प्रयोगशाळा उघडा.

तुर्भ्याचा गॅरेजवाला
एका अडाण्यावरून सगळ्यांना बोल लावू नका. माझ्याकडे बेअरिंग दाबून बसवायचा प्रेस आहे, ते तापवायचा इंडक्शन हीटर आहे, आणि आतली रेस शाफ्टवर बसवायची तर ती ११० अंशांपर्यंत तापवूनच मी बसवतो. पण गेल्या महिन्यात एका विजेच्या रिक्षाची मोटर घोंघावत आली, तेव्हा त्यातले बेअरिंग सुटे मिळालेच नाही. अख्खी मोटर बदला, असे उत्तर आले. काही शे रुपयांच्या बेअरिंगसाठी त्या रिक्षावाल्याचे तीन आठवडे बुडाले, त्याला कोणता हातोडा जबाबदार आहे?

घोडबंदर रोडचा रहिवासी
तुमच्या हीटरबद्दल मला माहिती नव्हती. तरी दहा गॅरेजपैकी किती जणांकडे तो आहे, हे तुम्हीच सांगा.

तुर्भ्याचा गॅरेजवाला
फार थोड्यांकडे आहे. ते मला मान्य करावे लागेल, आणि त्याचा मला त्रासही होतो, कारण त्यांच्या हातून बिघडलेल्या गाड्या शेवटी माझ्याकडेच येतात.

ऐरोलीचा अभियंता
गिअरबॉक्समध्ये प्रवाह शिरतो, हा मुद्दा मी धरला नव्हता, आणि वेग बदलताना थराचे काय होते तो भागही केवळ पुस्तकावर सोडवता येणार नाही. हायब्रीड गाडीत तर पुष्कळदा मोटर आणि गिअर एकाच पातळ तेलात फिरतात. तेव्हा ‘पैशांचा चुराडा’ हे शब्द मी मागे घेतो. पण उपलब्ध उपाय आधी लावा, हे माझे म्हणणे कायम आहे. त्या रिक्षाची मोटर अजून तुर्भ्यालाच असेल, तर तिचे बेअरिंग फेकू नका; ग्रीस न पुसता, किती किलोमीटर चालले ते लिहून ठेवा आणि रेस कापायला वागळे इस्टेटला पाठवा.

तुर्भ्याचा गॅरेजवाला
मोटर इथेच आहे. गाडी १८,००० किलोमीटर चालली होती. ग्रीस काळे आहे.