सिओना बेंजामिन यांची चित्रं: बेने इस्रायलींची आठवण की नुसती सजावट?

चौलवाला
चित्रकार सिओना बेंजामिन मूळच्या मुंबईच्या बेने इस्रायल (कोकणातला मराठी बोलणारा ज्यू समाज), आता अमेरिकेत न्यू जर्सीला असतात. २०१०-११ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर इथे येऊन त्यांनी आपल्या समाजातल्या माणसांचे फोटो काढले, मुलाखती घेतल्या, आणि पुढे त्या फोटोंवर गवाश (अपारदर्शक जलरंग) व सोन्याचा वर्ख चढवून 'फेसेस' ही मालिका केली. माझा आक्षेप त्या वर्खालाच आहे. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर... या लोकांच्या आडनावातच गाव आहे. बहुतेक मंडळी इस्रायलला गेली, इथे काही हजार उरली. अशा वेळी फोटो हा दस्तऐवज असतो. त्यावर नक्षी चढवली की माणूस मागे पडतो. त्यांच्या 'फाइंडिंग होम' या दुसऱ्या मालिकेतल्या निळ्या बायकांचंही तेच. परदेशी प्रेक्षक कृष्ण, काली म्हणून मोकळा होतो. आपले पूर्वज जिथे गलबत फुटून किनाऱ्याला लागले असं आपण मानतो, तो नवगावचा किनारा त्याच्या गावीही नसतो.

तेलघाणा
साफ असहमत. तेलाचा धंदा करणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या 'शनिवार तेल्यां'च्या, म्हणजे बेने इस्रायलींच्याच, घरात चित्रांचं वावडं कधी होतं? सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळात) मूर्ती-चित्रं नाहीत, कबूल. पण घरोघरी भिंतीवर अग्निरथातून स्वर्गात जाणारा एलियाहू हनबी (प्रेषित एलिया) असतोच. मलिद्याचं ताट त्याच्याच नावानं: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. आणि १८७४ ची पुण्याची मराठी हगादा (वल्हांडण सणाला वाचायची पोथी) काढून बघा, त्यात मात्सा (सणाची बिनखमिराची रोटी) करणाऱ्या बायका लुगड्यात आहेत. ही सरमिसळ न्यू जर्सीत जन्मली नाही.

चौलवाला
हगादातली चित्रं काम करायची. मात्सा कसा करायचा ते टप्प्याटप्प्यानं दाखवायची. वर्ख काय दाखवतो?

कोरी_वसली
थोडं साहित्याबद्दल, कारण 'फोटोवर रंग फासला' असा सूर लागतोय. मूळ फोटो कुठेही जात नाही, रंगवतात ती त्याची प्रत. आणि ती प्रतही हवी तशी चालत नाही. चकचकीत फोटो-पेपरवर गवाशचे थेंब होतात, वाळले की पापुद्रे सुटतात. सुती मॅट कागद लागतो, शाई पिगमेंटची लागते. साधी डाय शाई ओल्या ब्रशखाली पसरते आणि चेहऱ्याची कड जाते. म्हणजे नेमकं चौलवाल्यांना हवं तेच जातं.

क्रमही महत्त्वाचा. गवाश वाळल्यावरही पाण्यानं पुन्हा सुटतो, त्यामुळे पाण्याचा साइझ (वर्ख चिकटवायचा डिंक) नंतर लावला तर खालचा रंग उचलला जातो. म्हणून वर्ख आधी, रंग मागाहून. साइझ दुधाळ असेपर्यंत थांबायचं. पारदर्शक होऊन बोटाला चिकचिक लागली की वर्ख ठेवायचा. घाई केली तर वर्ख बुडतो आणि मळकट दिसतो. गवाशचा थर जाड झाला की कागद वाकताच तडकतो, त्यामुळे प्रत आधी बोर्डावर चिकटवलेली बरी. बेंजामिन २२ कॅरेटचा वर्ख वापरतात. स्वस्तातला पितळी वर्ख कोकणच्या खाऱ्या हवेत काळाहिरवा पडतो, वरून वॉर्निश दिलं तरी कडेनं सुरुवात होतेच. फ्रेम करताना काच आणि चित्र यांत ३-४ मिमी फट हवी, नाहीतर पावसाळ्यात रंग काचेलाच चिकटतो.

इतकी मेहनत चेहरा झाकायला कोण करेल? चेहऱ्याभोवती सोनं लघुचित्रांतही असतं, ते नजर चेहऱ्याकडे वळवायला.

तेलघाणा
+१. निळ्याबद्दल: बेंजामिन स्वतः तो आभाळाचा आणि समुद्राचा रंग म्हणतात, सगळीकडचा आणि कुठलाच नसलेला. हे हवेतलं नाही. बेने इस्रायल इस्रायलला पोचले तर तिथल्या रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) लग्नाच्या वेळी त्यांच्या ज्यूपणावरच प्रश्न लावले. आंदोलन करावं लागलं, तेव्हा १९६४ मध्ये ते पूर्ण ज्यू असल्याचं मान्य झालं. कोकणात तेली, तिकडे 'भारतीय'. अशा माणसाला कुठल्या रंगात रंगवणार? गव्हाळ?

चौलवाला
१९६४ चा मुद्दा मान्य, वर्खाचं तंत्रही पटलं. पण तुमचं हे सगळं स्पष्टीकरण चित्राच्या बाहेरचं आहे. अनेक हातांचीच मेनोरा (ज्यूंची अनेक फांद्यांची समई) झालेली निळी बाई बघून १९६४ कोणाला आठवणार? प्रदर्शनात प्रत्येक रंगवलेल्या चेहऱ्याशेजारी त्याच मापाची कोरी प्रत लावा, खाली नाव, मूळ गाव आणि मुलाखतीतली चार वाक्यं मराठीत. मग वर्ख कितीही चढवा.

कोरी_वसली
मराठी मजकूर हवाच. कोरी प्रत मात्र नको. लोक दोन्हींतले फरक शोधत बसतील आणि माणूस राहील बाजूला.