सतरा वर्षांचं पोट्टं, मोठ्यांचा खटला आणि शाळेच्या पटांगणातली जनजागृती

वैनगंगाकाठ

परवा 'सरळ_बोल' यांनी टाकलेली पोस्ट दोन दिवस डोक्यात घुमून राहिली आहे. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: "झेडपी शाळेत मंडप टाकला, साहेब लोक आणले, पोहे वाटले, अन् सांगतात काय तं खून करणाऱ्या पोट्ट्याले जेलात टाकू नका. ही जनजागृती नाई, लाड आहेत. ज्याचा हात चाकू धरायले पुरते त्याचं वय कायले विचारता?"

बाल न्याय कायद्याच्या जनजागृतीच्या त्या कार्यक्रमात मी होतो. शेवटच्या रांगेत, कारण पुढच्या खुर्च्या सत्काराच्या. तिथं असं कोणीही बोललं नाही. बोलायला पाहिजे होतं तेही कोणी बोललं नाही, पण ते पुढे सांगतो.

आधी लाडांबद्दल. नवीन बाल न्याय कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. सोळा ते अठरामधल्या पोरावर किमान सात वर्षं शिक्षेचा गुन्हा लागला, तर बाल न्याय मंडळ त्याची समज तपासतं, आणि वाटलं तर मोठ्यांसारखा खटला चालवायला प्रकरण बाल न्यायालयात पाठवतं. शिक्षा झाली तर एकवीसपर्यंत सुरक्षित ठिकाणी, नंतर सुधारला नसेल तर जेल. फाशी नाही आणि सुटकेची आशाच नाही अशी जन्मठेप नाही, ही काय ती सूट. याला लाड म्हणायचं असेल तर म्हणा.

आणि हे कलम फक्त खुन्यांना लागतं असंही समजू नका. सतरा वर्षांचं पोट्टं सोळा-सतराच्या पोरीसोबत पळून गेलं, पोरीच्या बापानं तक्रार दिली, की पोक्सो, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात किमान दहा वर्षं, पोरगी सोळाच्या आतली असली तर वीस. म्हणजे तो बसला खुन्याच्या रांगेत. दोन्ही घरच्यांनी पुढे लग्न लावायचं ठरवलं तरी केस चालूच.

आता माझ्या घरचं. दोन वर्षांपूर्वी मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, रात्री दंडारीचं लोकनाट्य पाहताना भांडण झालं, चाकू निघाला, एकाच्या पोटाला लागला. वाचला तो. पकडलेल्या चौघांत माझ्या चुलतभावाचा पोरगा. ठाण्यात विचारलं, वय किती? सोबतचे तिघं वीस-बावीसचे. त्यांच्यासमोर हे दिवटं छाती फुगवून म्हणालं, "एकोणीस!" बारमध्ये सांगायची सवय. लिहिणाऱ्यानं एकोणीस लिहिलं. खरं वय सतरा वर्षं दोन महिने. त्याची टी.सी., म्हणजे शाळेचा दाखला, घरीच होती, बापाच्या पीककर्जाच्या फायलीत, सातबाऱ्याच्या खाली. ती शोधून, वकील करून, कोर्टात दाखवून त्याला मोठ्यांच्या जेलातून काढायला एकेचाळीस दिवस गेले.

पोट्टं आता घरी आहे. जेवताना डावा हात ताटाभोवती धरून जेवते. आईनं वाढायला वाटी पुढे केली तरी आधी ताट ओढून घेते.

दीड तासाच्या कार्यक्रमात पथनाट्य झालं, शपथ झाली, सत्कार झाले. "पोरगं पकडलं तर त्याच रात्री दाखला घेऊन ठाण्यात जा" हे एक वाक्य मात्र कोणी बोललं नाही. माझी तक्रार ती आहे.

सरळ_बोल

मोठं लिहिलं भाऊ. आता माझं ऐका.

२०१४ चा तान्हा पोळा. लहान लेकरं लाकडाचे बैल घेऊन मारुतीच्या देवळाकडे चालले होते. माझा मोठा भाऊ रेतीच्या ट्रॅक्टरवरून कोणाले तरी बोलला, संध्याकाळी त्याले नाल्याजवळ गाठलं अन् सब्बल मारली. मारणाऱ्याचं वय दाखल्यावर सतरा वर्षं सात महिने. त्याच्या वर्गातल्या पोट्ट्यायनं त्याच सालच्या एप्रिलात लोकसभेले मतदान केलं होतं. बोटाची शाई मी पाह्यली आहे. पण दाखला म्हणते सतरा, तं सतरा. जुना कायदा, जास्तीत जास्त तीन वर्षं. तेवढीही पुरी केली नाई. आला अन् आमच्या घरासमोरच्या चौकात पानठेला टाकला. माझी वहिनी दळण घेऊन त्याच्या समोरून जाते. रोज.

तुमचं पोट्टं ताट धरून जेवते म्हणता. माझ्या भावाचं ताट मांडतच नाई आम्ही.

तर्री_पोहे

पुण्याच्या पोर्शेवाल्याले विसरले का सगळे? मे २०२४. दोन तरुण इंजिनिअर गाडीच्या धडकेत गेले अन् पोरगं सतराचं म्हणून तीनशे शब्दांचा निबंध! मोठा म्हणून खटला चालवा असा पोलिसांचा अर्ज होता, तोही २०२५ च्या जुलैत मंडळानं फेटाळला. आमच्या गावच्या पोट्ट्याले कोणी निबंध सांगितला अस्ता तं तो नापास होऊन आत गेला अस्ता.

काळा_कोट

निबंधाचा राग समजू शकते, पण फेटाळण्याचं कारण वेगळं आहे. सुप्रीम कोर्टानं २०२० मध्येच स्पष्ट केलं की ज्या गुन्ह्याला *किमान* सात वर्षं शिक्षा लिहिलेली नाही, तो कितीही मोठा असला तरी या कलमात बसत नाही. सदोष मनुष्यवधाला असं किमान नाही. श्रीमंताला वेगळा कायदा लागला नाही. श्रीमंताला कायदा माहीत असलेला वकील पहिल्याच रात्री मिळाला, एवढंच.

वैनगंगाकाठ, तुमच्या पुतण्याच्या बाबतीतही तेच. खुनाच्या प्रयत्नाला किमान शिक्षा नाही. त्याचं प्रकरण मंडळापुढेच चालायला हवं होतं, मोठ्यांच्या खटल्याचा प्रश्नच नव्हता. अल्पवयीनाला लॉकअपमध्येही ठेवता येत नाही, चोवीस तासांत मंडळासमोर न्यावं लागतं. एकेचाळीस दिवस म्हणजे कायद्याची नाही, कागदाची शिक्षा.

पऱ्हाटी

कागदावरून आठवलं. माझी जन्मतारीख १ जून. माझ्या भावाची १ जून. माझ्या वर्गात चौतीस पोरं, सव्वीस जणांची १ जून. आमच्या गावात जूनच्या एक तारखेले दवाखाना उघडत होते काय? मास्तर लोकायनं बसल्या जागी जन्म घातले आमचे. मी खरा दिवाळीचा आहो. सहा पूर्ण दाखवायले मले पाच महिने मोठा केला. सतराव्या वर्षी माझ्या हातून काही झालं अस्तं तं त्या पाच महिन्यांपायी मी मोठ्यांच्या जेलात गेलो अस्तो. याचा जाब कोण देईन?

निवृत्त_मास्तर

जाब मी देतो. एकतीस वर्षं नोकरी केली, काटोल-नरखेड भागात. पालक यायचे, बहुतेक आईच. तारीख विचारली की म्हणायची, "मोवाडच्या पुरात पोटात होता जी." आता ३० जुलै १९९१ चा पूर मला ठाऊक आहे, पण ती किती महिन्यांची होती हे तिलाच नीट ठाऊक नाही. दुसरी म्हणायची, "तूर काढत होतो तवा झाला." कोणत्या सालची तूर? दाखलखारीजमध्ये, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या रजिस्टरमध्ये, रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. वय कमी पडलं तर पोरगं वर्षभर ढोरामागे फिरायचं, मग शाळेचं तोंडच पाहायचं नाही. एक जून टाकली म्हणून तुम्ही शिकलात आणि आज इथे टाइप करून राहिले आहात.

आणि माझी स्वतःची तारीख १ जून आहे. ३१ मेला रिटायर झालो. खरा कार्तिकातला. पाच-सहा महिन्यांचा पगार माझ्या गुरुजींनी खाल्ला, तरी मी त्यांना कधी शिव्या दिल्या नाहीत.

पऱ्हाटी

वा मास्तर! म्हणजे उपकार केले आमच्यावर. माझ्या बहिणीच्या दाखल्यात तारीख तं सोडा, जातच अर्धी लिहिली. जातपडताळणीच्या व्हॅलिडिटीसाठी तीन वर्षं कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीच्या, नकला काढत फिरलो. तहसीलमधलं ते पान वाळवीनं खाल्लेलं. तिची सीट गेली. कोणत्या गुरुजीच्या पाया पडू सांगा.

निवृत्त_मास्तर

जातीचा रकाना पालक सांगतील तसा भरायचो. स्वतःच्या बापाला विचारा त्यानं काय सांगितलं ते.

पऱ्हाटी

बापाचं नाव काढू नका. बाप अंगठेबहाद्दर होता, म्हणूनच तुमच्या भरवशावर सोडलं होतं.

वैनगंगाकाठ

राजेहो, धागा कोणता आणि चाललं काय?

काळा_कोट

हाच धागा आहे खरं तर. वय ठरवताना कायद्यानं क्रम लावून दिला आहे. पहिला शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसले तरच हाडांची तपासणी, आणि त्यात वर्ष-दोन वर्षांचा फरक डॉक्टर स्वतःच कबूल करतात. आधार कार्ड या यादीत नाहीच. आधारवरची तारीख जन्माचा पुरावा नव्हे, हे सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या केसमध्ये पुन्हा सांगितलं. तरी ठाण्यात पहिल्यांदा मागतात ते आधारच.

म्हणजे मास्तरांनी टाकलेली १ जून ग्रामपंचायतीच्या नोंदीच्याही वर जाऊन बसते. ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना आता शाळेत नाव घालतानाच जन्मदाखला लागतो, त्यामुळे हा घोळ संपेल. पण ती पोरं सोळाची व्हायला २०३९ उजाडेल.

दाखल्यानं काय होतं त्याचं उदाहरण आपल्या नागपूरच्या सेंट्रल जेलातलंच आहे. १९९४ च्या पुण्यातल्या सात खुनांच्या खटल्यात एकाला फाशीची शिक्षा झाली. तो अठ्ठावीस वर्षं आत होता. राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या रजिस्टरवरून निघालं की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. २७ मार्च २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सोडून दिलं. अल्पवयीन असल्याचा मुद्दा केव्हाही, निकाल लागून गेल्यावरही मांडता येतो. कार्यक्रमात सांगायची गोष्ट ही.

सरळ_बोल

सात खून ताई. त्यात बाया होत्या, दोन लेकरं होती. त्यायच्या शाळेचं रजिस्टर कोण काढते?

काळा_कोट

कोणी नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मोहफूल

पोरांना मोठ्यांच्या जेलात टाकू नये, यासाठीच अमेरिकेत ऑक्टोबर महिनाभर कार्यक्रम होतात. मिझुरी राज्यातल्या एका आईनं सुरुवात केली. तिच्या सोळा वर्षांच्या पोराला मोठ्यांच्या तुरुंगाची शिक्षा झाली आणि २००८ च्या जानेवारीत त्यानं आतच जीव दिला. २०१५ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी अधिकृत घोषणा केली. आपल्याकडे असं काही…

तर्री_पोहे

आपल्याकडे ऑक्टोबरात सोयाबीन निघते ताई. माणूसच मिळत नाई कार्यक्रमाले.

मोहफूल

टिंगल करा. तिथं आई उभी राहिली. इथं मंडपात एकाही पकडलेल्या पोराची आई नव्हती, एवढंच म्हणते आहे.

सरळ_बोल

अन् मेलेल्याची? आमच्या मायले कोणी बोलावलं? समजावून सांगायचे कार्यक्रम घेता तं दोन्हीकडच्या माया बोलवा. एकीलेच रडायले लावता अन् फोटो काढता.

वैनगंगाकाठ

हे मान्य. पटत नाही तरी मान्य.

पण सरळ_बोल, तुमच्याच गोष्टीत पहा. तुम्ही म्हणता तो पोट्टा खरा अठराच्या वरचा होता, दाखला खोटा. माझं पोट्टं सतराचं, दाखला खरा, पण कोणी पाहिलाच नाही. तुमची तक्रार कायद्यावर आहे का रजिस्टरवर?

सरळ_बोल

मले वकिली शिकवू नका. रजिस्टर खोटं होतं हे मी तेव्हाच बोललो होतो. त्याच्या बरोबरीच्या पोट्ट्यायची मतदार यादी घेऊन गेलो होतो. "दाखला चालते, यादी चालत नाई," म्हणे.

अन् समजा दाखला खरा अस्ता, खराच सतरा वर्षं सात महिने. तरी मले तीन वर्षं पुरली नसती. लिहून ठेवा.

वैनगंगाकाठ

लिहिलं. २०१६ नंतर झालं असतं तर खुनासाठी त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालवता आला असता, हेही लिहा.

सरळ_बोल

भाऊ जाऊन अकरा वर्षं झाली. तुमचा नवीन कायदा त्याले दाखवून येऊ काय?

मोहफूल

समज तपासतात म्हणे, ती कोण तपासतं? मंडळात एक न्यायाधीश आणि दोन समाजसेवक. त्यांच्यात बालमानसशास्त्राचं शिक्षण घेतलेलं कोणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, असं २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं आहे. असा तज्ज्ञ आपल्या तालुक्यात दाखवा मला.

तर्री_पोहे

आमच्या तालुक्यात दाताचा डॉक्टर बुधवारी येते. तोही एखाद्या बुधवारी.

वैनगंगाकाठ

पुढचा कार्यक्रम शनिवारच्या बाजारात आहे. मी आयोजकांना निरोप दिला आहे: सत्कार कमी करा, एक टेबल टाका, दाखला कुठे असतो आणि कोणाला दाखवायचा एवढंच सांगा. झेरॉक्सचा खर्च माझा. सरळ_बोल, तुमच्या मायले घेऊन या. मी स्वतः न्यायला येतो.

सरळ_बोल

माय बाजारात येत नाई. पानठेला वाटेत लागते.

तुम्ही घरी या. चहा पाजतो. बाकी माझं मत तेच आहे.

निवृत्त_मास्तर

पऱ्हाटी, तुमच्या शाळेचं नाव आणि साल कळवा. बहिणीच्या दाखल्याची मूळ नोंद पाहायची असेल तर मुख्याध्यापक माझ्या ओळखीचे निघतील. माझी बदली त्या भागात झाली होती का तेही पाहतो.

पऱ्हाटी

नाई सांगत. तुम्हीच निघाल.